इटालियन की जर्मन

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. डॉक्टरांच्या गॅरेजमध्ये मात्र दोन गाड्या तीस वर्षांहून जास्त सुखाने राहिल्या होत्या. गॅरेज लांबट आणि अरुंद, त्यामुळे एकीच्या मागे दुसरी. मागची काढायची म्हटलं की आधी पुढची बाहेर काढा, मग मागची काढा, मग पुढची परत आत घाला. एवढा उपद्व्याप डॉक्टर दर रविवारी हौसेने करायचे आणि जिची पाळी नाही तिलाही उगाच एक फेरी मारून आणायचे. सवतीमत्सर नको म्हणून, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. दात कोरून पोट भरत नाही, ही म्हण त्यांनी एकट्याने खोटी पाडली होती. दात कोरूनच त्यांनी घर बांधलं, मुलगा आणि मुलगी अशी दोन मुलं वाढवली आणि उरल्यासुरल्या पैशांत या दोन परदेशी गाड्या घेतल्या. घेतल्या तेव्हा त्या नुसत्या जुन्या होत्या. आता जगभरचे शौकीन ज्यांच्या मागे लागतात तशा झाल्या होत्या. इटालियन होती लाल, लांब नाकाची, लाकडी डॅशबोर्डची. जर्मन चंदेरी, बुटकी, पाठीत इंजिन असलेली.

दोघींमध्ये चांगली कोणती, हा त्या घरातला कायमचा वाद. डॉक्टर जर्मनच्या बाजूचे. “पायाने जेवढं मागाल तेवढंच देते. कमी नाही, जास्त नाही,” असं ते म्हणायचे. इटालियन सकाळी गार असली की खोकायची, गरम झाली की गायची आणि मनात नसलं तर भर चौकात बंद पडायची. मुलगा इटालियनच्या बाजूचा. त्याला घरात सगळे बाब्या म्हणत. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण डॉक्टरीणबाईंनी इतकी मनावर घेतली होती की पोराचं नावच तसं पडलं. बाब्या म्हणायचा, “बाबा, तुमची जर्मन कधी चुकत नाही, म्हणून तर तिच्याशी बोलायला काही विषयच नसतो.”

बाब्या गेला त्याला आता एकोणीस वर्षं झाली. धुकं होतं, वळणावर बंद पडलेला एक ट्रक उभा होता. बाब्या नव्या नोकरीवर हजर व्हायला निघाला होता. त्याची आवडती इटालियन मागे अडकली होती आणि उशीर झालेला, म्हणून पुढे उभी होती ती जर्मन घेऊन तो गेला. यात कुणाचाच दोष नव्हता. पण ज्यात कुणाचाच दोष नसतो ते दुःख कुणावर टाकताही येत नाही, ते ज्याचं त्यालाच वागवावं लागतं.

गाडीचा पुढचा भाग उरलाच नव्हता. लोक म्हणाले, भंगारात द्या. डॉक्टरांनी दिली नाही. ताडपत्रीखाली झाकून त्यांनी ती घरी आणली आणि बायकोच्या नजरेस पडायच्या आत गॅरेजचं दार लावून घेतलं. त्यानंतरची अकरा वर्षं दवाखाना सुटला की ते गॅरेजमध्ये असत.

ज्याला जे येतं ते तो करतो. डॉक्टरांना एकच गोष्ट येत होती. किडलेलं असेल तेवढं सगळं कोरून काढायचं, जागा स्वच्छ करायची, भरायची, घासायची. काम असं झालं पाहिजे की खुद्द पेशंटच्या जिभेलाही दुखरा दात कोणता होता ते कळता कामा नये. गाडीचं त्यांनी तेच केलं. एका दरवाज्यासाठी वर्षभर वाट पाहिली. पत्रा ठोकायला शिकले, जोडायला शिकले. स्टिअरिंग, सीटा, खालचे गालिचे, आतलं अस्तर, सगळं उचकटून टाकलं आणि कारखान्यातून आली तेव्हा जसं होतं अगदी तसंच नवं मिळवून बसवलं. बारीक कोपरे त्यांनी दवाखान्यातल्या हत्यारांनी घासले. डॉक्टरीणबाई रोज संध्याकाळी गॅरेजच्या दाराबाहेर स्टुलावर चहा ठेवून जात, आत येत नसत. डॉक्टरांना वाटे, बिचारीला बघवत नाही. पूर्ण बरी झाली की दाखवू. काही झालंच नव्हतं अशी करून दाखवू.

आणि खरोखरच तशी झाली, तेव्हा त्यांनी बायकोला हाक मारली. ती उंबऱ्यापर्यंत आली. “छान झाली,” म्हणाली आणि वाळत घातलेले कपडे काढायला गेली. डॉक्टरांनी ते कौतुकच समजून घेतलं.

आता दवाखाना बंद केलेला, गुडघे बोलायला लागलेले. मुलीने तिच्याच इमारतीत त्यांच्यासाठी तीन खोल्यांचं घर बघितलं होतं. तिथे गाडी ठेवायला जागा एकच. म्हणजे दोनातली एक जाणार. गाड्या जमवणारे एक गृहस्थ कोणतीही एक घ्यायला तयार होते. कोणती, ते त्यांच्यासाठी गाड्या पारखणारी बाई ठरवणार होती. ती येऊन दोन्ही गाड्या शेजारी शेजारी ठेवून बघणार होती.

डॉक्टर वरवर म्हणत होते, “जी आवडेल ती न्या, मला दोन्ही सारख्या.” मनात मात्र त्यांनी देव पाण्यात घातले होते. इटालियन जावी, जर्मन राहावी. आयुष्याची अकरा वर्षं त्या पत्र्यात घातली होती त्यांनी. ती दुसऱ्याच्या दारात उभी राहिली तर आपल्याजवळ काय उरलं, असं त्यांना वाटे. बायकोला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. तिचंही तेच मत असणार, हे त्यांनी धरूनच टाकलं होतं.

पारखी सकाळी आली. चाळिशीच्या आतली, केस करकचून बांधलेली, बोलायला मोकळी. डॉक्टरांनी दोन्ही गाड्या आधीच अंगणात काढून ठेवल्या होत्या. तिने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं, विजेरी काढली आणि दांडीला लावलेला छोटा आरसा काढला. तो आरसा बघून डॉक्टरांना हसू आलं.

“हा तर आमच्यातला दिसतोय.”

“तुम्ही दाढा बघता, मी चेसी बघते,” ती म्हणाली. “कीड दोन्हीकडे मागच्या बाजूलाच असते.”

तिने जर्मनपासून सुरुवात केली. लोहचुंबक पत्र्यावरून हळूहळू फिरवत नेलं. पत्र्याला पोचे असतील आणि वर लांबी, म्हणजे पुट्टी, थापून रंग मारला असेल, तर तिथे चुंबक पकड सोडतं. इथे कुठेही सोडलं नाही. दरवाजा उघडून तिने दोन बोटांनी ढकलला. तो एकाच बारीक आवाजात बंद झाला. तिने तो आवाज पुन्हा ऐकला. मग डॉक्टरांना शेजारी बसवून गाडी रस्त्यावर नेऊन आणली. परत आली तेव्हा तिचा चेहरा गंभीर झाला होता.

“डॉक्टर, एवढं स्वच्छ काम मी फार कमी वेळा पाहिलंय. कुणी केलं?”

“मीच.”

“सगळं?”

“वेळ होता,” डॉक्टर म्हणाले. कान मात्र लाल झाले होते.

ती पुढचं झाकण उघडून वाकली, आरसा खोल आत घातला आणि बराच वेळ बघत राहिली. “इथे चेसीला जोड आहे. दोन्हीकडे. सुरेख केलाय, पण आहे.” ती सरळ उभी राहिली. “हिला कधी अपघात झाला होता का?”

डॉक्टर म्हणाले, “थोडासा.”

डॉक्टरीणबाई त्याच वेळी चहाचा ट्रे घेऊन पायरी उतरत होत्या. त्या तिथेच थांबल्या. मग ट्रे पायरीवर ठेवला, स्वतःही तिथेच बसल्या आणि नवऱ्याकडे बघत राहिल्या. डॉक्टरांनी तिकडे पाहिलं नाही. ते जर्मनच्या काचेवरचा नसलेला डाग पुसत होते.

मग इटालियनची पाळी आली. तिचं सगळंच उघडंवाघडं होतं. टपावरचा लाल रंग उन्हाने विटला होता, सीटांचं कातडं भेगाळलं होतं. इंजिनावरचा आणि चेसीवरचा नंबर जुळला. पारखीने रंग नखाने नुसता चाचपला आणि मान डोलावली. हा पहिलाच रंग होता, कारखान्यातला. गाडी चालू करताना ती नेहमीसारखी खोकली, रुसली आणि तिसऱ्या खेपेला लागली. फेरी मारून आल्यावर पारखी हसत उतरली. जर्मनमधून उतरताना ती हसली नव्हती.

“डावीकडे पुढे पोचा आहे.”

“फाटकाचा खांब. मुलगा गाडी शिकत होता तेव्हाचा.”

“आणि हे काय केलंय?” ती आत वाकली. लाकडी डॅशबोर्डच्या बरोबर मधोमध हाताने कापलेलं वाकडंतिकडं चौकोनी भोक होतं. “असल्या लाकडावर करवत चालवायला माणसाला काळीज लागतं.”

“टेप बसवायचा होता त्याला. मी कामावर गेलो होतो.” डॉक्टरांना तो दिवस आठवला. आठवडाभर बापलेकांनी एकमेकांशी तोंडातून शब्द काढला नव्हता. “बसवलाही. दोन महिन्यांत बिघडला.”

पारखीने हात पुसले आणि दोन्ही गाड्यांच्या मध्ये उभी राहिली.

“सरळ सांगते. रस्त्यावर ही जर्मन उजवी आहे. वळणावर, ब्रेकला, सगळ्यात. माझे पैसे असते आणि रोज चालवायची असती, तर मी हीच घेतली असती. पण गाड्या जमवणारा माणूस गाडी चालवायला घेत नाही, जुनी गाडी जशी होती तशी मिळावी म्हणून घेतो. जर्मनमध्ये आता मूळचं थोडं राहिलंय, तुमचा हातच जास्त आहे. इटालियन जशी होती तशीच आहे. तेव्हा इटालियन. पोचा निघेल, डॅशबोर्डसाठी त्याच काळातलं लाकूड शोधू. वर्षभरात कुणाला कळणारही नाही.”

डॉक्टरांच्या छातीवरचं ओझं उतरलं. पदरात पडलं आणि पवित्र झालं. “न्या,” ते म्हणाले. “कधी पाठवता ट्रक?”

“ही जाणार नाही.”

डॉक्टरीणबाई पायरीवरून उठल्या होत्या. त्या सरळ इटालियनपाशी आल्या, दार उघडलं आणि स्टिअरिंगसमोर जाऊन बसल्या. त्यांना गाडी चालवता येत नव्हती. त्या सीटवर त्या कधी बसल्याही नव्हत्या.

“अगं, उतर. त्या घाईत आहेत.”

“मी नाही घाईत.”

“असं काय करतेस? एकीलाच जागा आहे तिथे.”

“मग ती द्या ना.”

डॉक्टर हसले, म्हणजे तसा प्रयत्न केला. परक्या माणसासमोर ही असं कधी बोलत नसे. “ती कशी देऊ? अकरा वर्षं काम केलंय मी तिच्यावर. आणि कुणासाठी केलं? तुझ्यासाठीच ना? तुला बघवत नव्हती म्हणून.”

“मला बघवत नाही, असं मी कधी म्हणाले?”

“आत कधी आली नाहीस तू.”

“तुम्ही दार लावून घेत होतात.” तिचा आवाज चढला नव्हता. “एकदा तरी विचारलंत मला? रोज चहा ठेवताना वाटायचं, आज विचारतील. काय काढताय आणि काय फेकताय, ते मला बाहेरून ऐकू यायचं. त्याची सीट कचऱ्याच्या गाडीत घातलीत तेव्हा मी खिडकीत उभी होते. छान केलीत तुम्ही गाडी, नाही कोण म्हणतंय? पण आता तिच्यात बाब्या कुठे आहे तेवढं दाखवा मला. एक जागा दाखवा. मी लगेच उतरते इथून.”

डॉक्टरांना राग आला. काहीतरी असणारच. एवढी मोठी गाडी आहे, तिचा स्क्रू न् स्क्रू आपल्याला पाठ आहे. ते तरातरा जर्मनपाशी गेले. दार उघडलं. स्टिअरिंग नवं. गिअरची मूठ नवी. पोराचे पाय जिथे टेकत तो रबराचा तुकडा झिजलेला होता, तो त्यांनीच बदलला होता. आरसा? फुटलेला. काचा? सगळ्याच. त्यांनी सीटच्या खाली हात घातला, खणाच्या आत बोटं फिरवली, मागे जाऊन इंजिनाचं झाकणही उघडलं. इंजिन मूळचं होतं, पण तेही त्यांनी खोलून, उकळत्या पाण्याने धुऊन, आरशासारखं करून बसवलं होतं. सगळीकडे त्यांना आपलेच हात दिसत होते. ते झाकण धरून उभे राहिले. पत्र्याच्या एवढ्या मोठ्या कामात आपण किडीबरोबर पोरगाही कोरून काढला, हे त्यांना तिथे उभ्याउभ्या कळलं.

पारखी पिशवी आवरायचं निमित्त करून लांब सरकली होती. डॉक्टरांनी तिला हाक मारली.

“बाई, मघाशी मी तुम्हाला खोटं सांगितलं. अपघात थोडासा नव्हता. माझा मुलगा गेला या गाडीत.”

एकोणीस वर्षांत हे वाक्य त्यांनी कुणापुढे उच्चारलं नव्हतं. लोकांना आधीच माहीत असे, त्यामुळे वेळच आली नव्हती. इटालियनमध्ये बसलेल्या डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटून घेतले.

पारखी पिशवी खाली ठेवून परत आली. मग म्हणाली, “मला हे त्यांना सांगावं लागेल, डॉक्टर. गाडीच्या इतिहासात लिहावंही लागेल. जो कुणी पुढे घेईल, त्याला ते कळेल.”

“लिहा. त्याला गाडी उत्तम यायची, हेही लिहा.”

ती फाटकाबाहेर जाऊन फोनवर बोलत राहिली. आत येऊन म्हणाली, “काम बघूनच घेणार असाल तर जर्मन घ्या, असं मी त्यांना सांगितलं. घेतो म्हणाले. सोमवारी ट्रक येईल.” डॉक्टरांनी मान हलवली. तिने डॉक्टरीणबाईंकडे बघितलं. गार झालेला चहा तिने उभ्याने संपवला, कप ट्रेमध्ये नीट ठेवला आणि “येते, काकू,” म्हणून गेली.

अंगणात दोघंच राहिली. डॉक्टर इटालियनच्या दुसऱ्या बाजूने आत येऊन बसले. बसल्यावर भेगाळलेलं कातडं करकरलं. आपण रडणार आहोत असं त्यांना वाटत होतं, पण रडू येत नव्हतं.

“चुकलंच माझं,” ते म्हणाले.

“एक विचारू?”

“विचार ना.”

“गाडी आणायला तुम्ही गेला होतात. आतलं सगळं तुम्हीच काढलंत, मला काही दिसू दिलं नाहीत. काय काय होतं आत?”

“आता कशाला ते?”

“मला हवंय.”

डॉक्टरांनी समोरच्या काचेतून बघायला सुरुवात केली. त्यांना काही आठवावं लागणार नव्हतं. ते सगळं एकोणीस वर्षं डोळ्यांसमोरच होतं. फक्त ते कुणाला द्यायची वस्तू आहे, असं कधी वाटलं नव्हतं.

“बॅग होती. ती घरी आणली, तुला माहीतच आहे. एक छत्री. हँगरला लावलेला शर्ट होता, इस्त्रीचा.”

“निळा?”

“निळा. चुरगळलाही नव्हता.”

“आणखी?”

“एक बूट पुढे अडकला होता. नकाशा होता. दोन केळ्यांची सालं होती. बिस्किटांचा पुडा.”

तिचे हात स्टिअरिंगवर होते, ते एकदम घट्ट झाले. “पुडा फोडलेला होता?”

“रिकामा होता.”

“नीट आठवा हो.”

“अगं, मीच उचलला ना. रिकामाच होता. तळाशी नुसता चुरा होता. का?”

डॉक्टरीणबाईंनी फाटकाकडे बघितलं.

“त्या दिवशी माझ्याकडून त्याला उठवायला उशीर झाला,” त्या म्हणाल्या. “चिडला माझ्यावर. डबा करून दिला होता, तो ओट्यावर तसाच टाकून गेला. मी फाटकापर्यंत धावले डबा घेऊन. उपाशी गेलं हो माझं पोर. दुसरं सगळं सोसलं मी, तेवढं नाही सोसलं. आजतागायत पानावर बसले की पहिल्या घासाला तेच आठवतं.”

डॉक्टर वळून तिच्याकडे बघत राहिले. रोज समोर बसून जेवणाऱ्या बाईकडे ते जणू पहिल्यांदाच बघत होते.

“उपाशी नव्हता गं तो,” ते म्हणाले. “खाल्लं होतं त्याने. पोटभर.”

“दोन केळी?”

“दोन. आणि अख्खा पुडा.”

ती कपाळ स्टिअरिंगला टेकवून मोठमोठ्याने रडायला लागली. डॉक्टरांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. आता त्यांचेही डोळे वाहत होते. ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. पुष्कळ वेळाने तिने पदराने तोंड पुसलं आणि मान वर केली.

“पुन्हा सांगा,” ती म्हणाली. “पहिल्यापासून.”

डॉक्टरांनी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.